पालखी दारावरून पुढे जाते तेव्हा

गावजत्रेची पालखी आळीत शिरते. एका दारात थांबते, बायका ओटी भरतात, नारळ फुटतो, गुलाल उडतो, मग पालखी पुढच्या दारी. मधलं एक घर मात्र सुटतं. भोई पाय उचलून पुढे जातात, ढोलवाला त्या बाजूला बघत नाही. घरातली बाई ताट घेऊन उंबऱ्यात उभी असते आणि ताटातली वात विझेपर्यंत तशीच उभी राहते. कोणी शिवी दिलेली नसते, कोणी हात उगारलेला नसतो. आता पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं तरी काय? ‘पालखी थांबली नाही’ ही काय तक्रार झाली?

झाली. महाराष्ट्रात ३ जुलै २०१७ पासून ती तक्रार होते. त्या दिवशी ‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६’ हा लांबलचक नावाचा कायदा अंमलात आला. विधिमंडळाने तो एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला होता. राष्ट्रपतींची संमती येईपर्यंत वर्ष उलटलं. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, आणि तो करायला भाग पाडणाऱ्या जिल्ह्यांत रायगडचं नाव सगळ्यात वर. २०१३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत रायगडमधून वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक पुढे आल्या, काही थेट उच्च न्यायालयात पोचल्या. एव्हरेस्ट सर करून आलेल्या, याच जिल्ह्यातल्या एका गिर्यारोहकाच्या कुटुंबालाही गावाने वाळीत टाकल्याची तक्रार तेव्हा गाजली. जगातलं सर्वांत उंच शिखर चालतं, पण सुनेचा पेहराव चालत नाही, असा तो मामला होता.

पनवेलच्या वाचकाला हे दूरच्या डोंगरातलं वाटण्याचा संभव आहे. इथे १८५२ पासून नगरपालिका, १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका, आता दाराशी विमानतळ. पण पनवेलची रचनाच अशी आहे की पंचवीस मजली इमारतीच्या मागच्या बाजूला जुनं गावठाण असतं, आणि त्या गावठाणात गावकी असते. तिचं मंदिर असतं, भांड्यांचा साठा असतो, वर्गणीची वही असते, पंच असतात. हळदीला कोणी यायचं, मयताला कोणी खांदा द्यायचा, हे तिथे ठरतं. सातबारा गेला, शेतजमीन सिडकोने घेतली, तरी गावकी उरली.

आणि ती उरली याचं एक कारण अभिमानाचंही आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत शेजारच्या उरण तालुक्यात, जासई आणि नवघरच्या परिसरात, जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. गावागावांतून माणसं बाहेर काढली ती गावकीनेच. त्याच्याही आधी, १९३३ ते १९३९, अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप सहा वर्षं टिकवला; नारायण नागू पाटील पुढारी होते खरे, पण पोटाला चिमटा घेऊन टिकली ती गावाची एकी. म्हणून गावकी म्हटली की नाक मुरडणाऱ्यांनी जरा थांबावं. सरकार, खोत, कंपनी अशा आपल्याहून मोठ्याशी भिडताना हीच एकी हक्क मिळवून देते. तीच एकी गावातल्या एका घरावर उलटली की त्या घराला दाद मागायला जागा राहत नाही. कारण एरवी ज्यांच्याकडे दाद मागायची तेच समोर बसलेले असतात.

नागरी हक्क म्हटलं की आपल्याला सरकार आठवतं, तुरुंग आठवतो. पनवेल तालुक्यातल्या तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटर उभं करणारे डॉ. जी. जी. पारीख १९४२ च्या लढ्यातही तुरुंगात गेले आणि आणीबाणीतही. सत्तेशी अशी झुंज घेणाऱ्यांचं कौतुक होतं, त्यांची नोंद राहते. सोयरे आणि शेजारी यांच्याकडून हक्क हिरावला गेला तर मात्र त्याला ‘घरगुती भानगड’ म्हणतात.

बाबासाहेब आंबेडकरांना हा फरक फार आधी दिसला होता. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा आराखडा मांडताना त्यांनी सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा करावा अशी मागणी केली, आणि त्यासाठी नमुना घेतला तो ब्रह्मदेशात १९२२ साली झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. घर भाड्याने न देणं, कामावर न घेणं, व्यवहार न करणं, रिवाजाप्रमाणे मिळणारी सेवा तोडणं या गोष्टी त्यांनी तपशिलाने नोंदवल्या होत्या. त्यांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, त्यांचा पहिला मोठा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, महाडचा. म्हणजे आजच्या रायगडचाच. महाराष्ट्राला तसा सर्वसाधारण कायदा करायला मागणीनंतर ८६ वर्षं लागली. मधल्या काळात एक प्रयत्न झाला होता: १९४९ चा मुंबई राज्याचा बहिष्कारबंदी कायदा. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला.

नव्या कायद्याच्या व्याख्या म्हणूनच नीट वाचायला हव्यात. एकाच समाजातल्या माणसाला किंवा कुटुंबाला त्या समाजाने तोडणं, हा या कायद्याचा विषय. समाज म्हणजे धर्म, पंथ, जात, पोटजात. जातपंचायत नोंदणीकृत असो वा नसो, तिचा हुकूम तोंडी असो वा लेखी, फरक पडत नाही. लग्न, अंत्यविधी किंवा धार्मिक कार्यात सहभागी होऊ न देणं. सभागृह, स्मशान, शाळा, दवाखाना यांसारख्या सामाईक सोयी नाकारणं. देवळात जायला अडवणं. इतरांना संबंध किंवा धंदा तोडायला भरीला घालणं. अमुकच कपडे घाला, अमुकच भाषा बोला अशी सक्ती करणं. नैतिकता किंवा राजकीय कल अशा कारणांवरून भेदभाव करणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्कार ठरवायला बैठक बोलावणारा अडकतो, आणि चिथावणी देणाराही.

काय येत नाही, हेही सांगायला हवं. दोन भावांनी बांधावरून अबोला धरला, जावेने जावेला बारशाला बोलावलं नाही, मित्राने हात आखडता घेतला, तर तो बहिष्कार नव्हे. कोणाला जेवायला बोलवायचं हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे आणि लोकशाहीत तो तसाच राहायला हवा. कायदा जागा होतो तो ‘आम्ही ठरवलंय, तुम्ही कोणीही जायचं नाही’ असं कोणी इतरांच्या वतीने ठरवतो तेव्हा. खासगी भांडणाला बहिष्काराचा रंग देऊन केलेली तक्रार पहिल्याच जबाबात उघडी पडते, आणि पुढच्या खऱ्या तक्रारदाराची वाट अवघड करून ठेवते.

मग ज्याच्यावर वेळ आली त्याने करायचं काय?

पहिलं काम वहीचं. शंभर पानी साधी वही घ्यावी आणि तारीख, वार, वेळ, ठिकाण, कोण काय बोललं, तिथे आणखी कोण होतं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवावं. ‘गाव आमच्याशी बोलत नाही’ या वाक्याने पोलिसाच्या हाती काही लागत नाही. ‘अमुक तारखेला संध्याकाळी सात वाजता देवळात बैठक झाली, त्यात अमक्याने जाहीर केलं की आमच्या घरी कोणी गेलं तर पाच हजार दंड, दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाल्याने दळण परत दिलं आणि कारण विचारल्यावर बैठकीचं नाव सांगितलं’, यातून गुन्हा उभा राहतो. बहिष्कार हा अनेक छोट्या नकारांचा बनलेला असतो. एकेक नकार सुटा पाहिला तर किरकोळ, ओळीने मांडला की त्यामागचा हुकूम दिसतो. वहीचा उपयोग त्या ओळीसाठी.

साक्षीदार शोधताना गावकीच्या आतला माणूस फुटेल या आशेवर बसू नये. त्यालाही त्याच आळीत राहायचं आहे. बाहेरून गावात येणारी माणसं पाहावीत: बेंजोवाला, मंडपवाला, आचारी, भटजी, रिक्षावाला, दूधवाला. ‘त्यांच्या हळदीला वाजवायचं नाही असं सांगितलं म्हणून मी आगाऊ घेतलेले पैसे परत केले’ हे बेंजोवाल्याचं एक वाक्य दहा नातलगांच्या साक्षीहून वजनदार ठरतं.

आता गावकीची दवंडी व्हॉट्सॲपवर पिटली जाते, आणि हा तक्रारदाराचा फायदाच आहे. तोंडी हुकूम हवेत विरतो, मेसेज राहतो. मात्र नुसता फोटो काढून भागत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवावं आणि मुख्य म्हणजे ज्या फोनवर मेसेज आला तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा मसुदा वकील तयार करून देतो. रागाच्या भरात ग्रुप सोडणं ही सर्रास होणारी चूक. ग्रुपमधून काढलं जाणं हा पुरावा आहे, स्वतःहून बाहेर पडणं नाही.

दंडाचं प्रकरण वेगळं. पंच सांगतात, ‘पन्नास हजार भर, नारळ ठेव, माफी माग, विषय संपला.’ थकलेला माणूस भरतो. बहुतेक वेळा पावती मिळत नाही. मिळालीच तर तिच्यावर ‘देणगी’ लिहिलेलं असतं. भरण्याआधी वकिलाला विचारावं, कारण कोऱ्या कागदावरची सही आणि माफीनामा पुढे तक्रारदाराच्याच अंगावर येतो. पैसे आधीच दिले असतील तर ते बँकेतून कधी काढले, कोणासमोर दिले, याची नोंद वहीत हवी.

यापुढचा टप्पा पोलीस ठाण्याचा, आणि इथे पनवेलकराला एक गुंता आधी सोडवावा लागतो. पनवेल रायगड जिल्ह्यात आहे. जिल्हाधिकारी अलिबागला बसतात. पण पनवेल शहर, पनवेल तालुका, खांदेश्वर, कामोठे, कळंबोली, खारघर, तळोजा ही पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली येतात, रायगडच्या पोलीस अधीक्षकांखाली नाहीत. अलिबागच्या अधीक्षकांना पाठवलेला अर्ज फिरत फिरत बेलापूरच्या आयुक्तालयात यायचा, तोवर जत्रा होऊन जायची. गुन्ह्याचा अर्ज आयुक्तालयाच्या बाजूला, बैठक थांबवण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूला, एवढं डोक्यात पक्कं ठेवावं. जिल्हाधिकाऱ्यांना या कायद्याने एक हत्यार दिलं आहे: बहिष्काराचा निर्णय घेण्यासाठी बैठक भरणार अशी माहिती मिळाली तर ती आदेश काढून रोखता येते. बैठक रविवारी असेल तर अर्ज शुक्रवारी हातात पडला पाहिजे. प्रांत कार्यालय पनवेललाच आहे, तिथे प्रत देऊन पोच घ्यावी.

ठाण्यात तक्रार मराठीत, एका कागदाच्या दोन्ही बाजूंत बसेल इतकी. वर कायद्याचं पूर्ण नाव. पीडित माणूस स्वतः किंवा त्याच्या कुटुंबातलं कोणीही ती देऊ शकतं, पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे. अंमलदाराच्या टेबलावर नेहमी घडणारी गोष्ट म्हणजे ‘एनसी करून घेतो’. अदखलपात्र नोंद झाली की तपास होत नाही, कागद फायलीत झोपतो. सामाजिक बहिष्काराचा गुन्हा मात्र दखलपात्र आहे. म्हणून शांतपणे, आवाज न चढवता, ‘साहेब, या कायद्याखाली गुन्हा दखलपात्र आहे, एफआयआर घ्या’ एवढंच म्हणावं आणि कायद्याची छापील प्रत पुढे ठेवावी. ठाण्यातल्या प्रत्येकाला हा कायदा माहीत असेल असं गृहीत धरू नये. चोरी-मारामारीसारखा तो रोजच्या वापरातला नाही.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली एक मेख इथे ठाऊक असावी. तीन वर्षांपासून सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने, गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे. बहिष्काराचा गुन्हा नेमका या पट्ट्यात बसतो. तेव्हा ‘चौकशी करतो’ असं उत्तर मिळालं तर ते बेकायदा नाही. पण पंधराव्या दिवशी चौकशीचं काय झालं हे लेखी विचारावं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

गुन्हा घेतलाच नाही तर? कायद्यात पुढची पायरी पोलीस अधीक्षकांची. आयुक्तालयाच्या हद्दीत ती पोलीस उपायुक्तांची. त्यांना रजिस्टर टपालाने अर्ज पाठवावा, पावती वहीत चिकटवावी. तिथेही काही झालं नाही तर पनवेल न्यायालयात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. ठाण्यातल्या अर्जाची पोच आणि ही टपालाची पावती, या दोन्ही नसतील तर न्यायालय पहिला प्रश्न तोच विचारतं. मध्येच पत्रकार परिषद, मोर्चा, उपोषण करायला कोणाची ना नाही, पण टपालाची पावती आधी.

वकिलाचा खर्च हे बहुतेकांना मागे खेचणारं कारण असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, आणि त्याखाली स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. म्हणजे वाळीत टाकलेल्या घरातल्या सुनेने किंवा सासूने तक्रार दिली, तर नवरा कमावता असला तरी तिला मोफत वकील मागता येतो. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता न्यायालयाच्या आवारात विचारावा, किंवा १५१०० वर फोन करावा. वकील न मिळण्याची भीती या मातीला जुनी आहे. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये पुण्यात खटल्याला उभे राहिले, तेव्हा इंग्रज सरकारच्या शत्रूचं वकीलपत्र घेणं म्हणजे आपल्या पोटावर पाय होता. ते घ्यायला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे ‘सार्वजनिक काका’, पुढे झाले. आज त्यासाठी एखाद्या काकांच्या धैर्याची वाट पाहावी लागत नाही, अर्ज भरावा लागतो.

सगळ्यात निसरडी पायरी तडजोडीची. एफआयआर झाला की आठ दिवसांत मध्यस्थ येतात. ‘केस मागे घे, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे, गाव येईल.’ समेट वाईट नाही. आयुष्य त्याच आळीत काढायचं आहे. पण या कायद्यात तडजोड न्यायालयाच्या परवानगीने आणि पीडिताच्या संमतीने होते, आणि न्यायालय आरोपींना समाजसेवेची अट घालू शकतं. ही वाट धरावी. देवळात बसून, तोंडी, नारळावर झालेली तडजोड लग्न उरकलं की मोडते आणि तोवर साक्षीदार घरी गेलेले असतात. गुन्हा जामीनपात्र आहे, आरोपी त्याच दिवशी सुटून घरी येतात, हेही आधी ठाऊक असलेलं बरं. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवावा असं कायदा म्हणतो. न्यायालयांतली गर्दी पाहता त्या आकड्यावर लग्नाचा मुहूर्त धरू नये.

महाडच्या चवदार तळ्याचा दावा या बाबतीत आठवणीत ठेवण्यासारखा आहे. मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी आणलेल्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केलं होतं, कागदावर. अस्पृश्य ठरवलेली माणसं प्रत्यक्ष पाण्यापर्यंत गेली ती तीन वर्षांनी. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षं. निकाल कशावर फिरला? तळं वापरू न देण्याची अनादी काळापासूनची वहिवाट दावेदारांना सिद्ध करता आली नाही. ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे’ असं ठणकावून सांगणाऱ्याला पुरावा विचारण्याची सोय तेव्हाही होती. आजच्या पंचांनाही तो विचारता येतो: हा नियम कुठे लिहिलाय, कधी ठरला, कोणाच्या सहीने?

वाळीत टाकणारे एका समाजाचे आणि वाळीत पडलेले अनुसूचित जाती-जमातीचे असतील, तर वरचा कायदा पुरत नाही. तिथे अधिक कडक अ‍ॅट्रॉसिटी कायदा, १९८९ लागतो. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार त्यात स्पष्टपणे आला. दुकानदाराने कातकरीवाडीतल्या माणसाला माल देणं बंद केलं, मालकाने गावाच्या सांगण्यावरून मजुरी तोडली, तर तक्रार या कायद्याखाली. अस्पृश्यतेशी संबंधित प्रकारांना १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदाही आहे. जातपंचायतींच्या छळाबाबत महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं ‘जातपंचायत मूठमाती अभियान’ २०१३ पासून काम करतं. पहिल्यांदा ठाण्यात जाताना अशा अनुभवी कार्यकर्त्याची सोबत असली की अंमलदाराचा सूर बदलतो, हे मान्य करायला हरकत नाही.

जातीइतकाच आजारावरून होणारा बहिष्कारही पनवेलला अनोळखी नाही. नेऱ्याजवळचं शांतिवन १९५१ पासून कुष्ठरुग्णांसाठी उभं आहे, ते त्यांना गावांनी बाहेर काढलं होतं म्हणून. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकातून निघायला २०१९ साल उजाडावं लागलं.

शहरी वाचकाला वाटेल, आमच्या सोसायटीत गावकी नाही. खारघर किंवा कामोठ्यात भाड्याने घर शोधणाऱ्या एखाद्या मुस्लिम जोडप्याला, एकट्या राहणाऱ्या मुलीला किंवा सुकट तळणाऱ्या घराला विचारून पाहावं. नकार गोड असतो: ‘कमिटीला चालणार नाही.’ कायदा इथे दुबळा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. घटनेचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा नियम वैध मानला. पण ज्या सोसायटीच्या उपविधीत असा नियमच नाही, तिथल्या कमिटीला तोंडी बंदी घालण्याचा अधिकार कुठून आला? नकार लेखी मागावा. बहुतेक कमिट्या तो लिहून देत नाहीत आणि बहुतेक वेळा तिथेच माघार सुरू होते. सर्वसाधारण सभेत एका सभासदाने उठून ‘हा ठराव कधी झाला, इतिवृत्त दाखवा’ एवढं विचारलं तरी सचिवाला घाम फुटतो.

तो एक सभासद, तो एक शेजारी, यांच्यासाठीही थोडं. वाळीत टाकलेल्या घराशी बोलणाऱ्यालाही दंड लावायची गावकीची रीत असते, म्हणून त्याने वीरश्री दाखवावी असं सांगणं सोपं आणि अप्रामाणिक. पण काही गोष्टी दंडाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. मुलांना एकत्र शाळेत पाठवणं. आजारपणात गाडी देणं. मयताला जाणं, आणि शक्य असेल तर एकट्याने नव्हे, पाच घरांनी मिळून जाणं. पंच एका घराला दंड लावतात, पाच घरांना लावताना विचार करतात. व्हॉट्सॲपवर आलेला बहिष्काराचा मेसेज पुढे न ढकलणं, आणि जपून ठेवणं. पोलिसांनी जबाबाला बोलावलं तर ‘मला काही माहीत नाही’ म्हणण्याऐवजी जेवढं पाहिलं तेवढंच सांगणं.

पालखी पुढच्या जत्रेला पुन्हा निघेल. तिचा मार्ग, तिच्या थांब्यांची यादी आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी यासाठी मंडळाला पोलीस ठाण्यात अर्ज करावाच लागतो. वाळीत पडलेल्या घराने त्याच्या पंधरा दिवस आधी आपला अर्ज द्यावा: मागच्या वर्षी पालखी आमच्या दारात थांबली नाही, यंदाच्या थांब्यांत आमचं घर आहे का ते मंडळाला विचारावं, आणि त्या दिवशी आळीत बंदोबस्त ठेवावा. अर्जाची एक प्रत प्रांतांना, एक अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांना. पोचेवरचा शिक्का वहीत, मागच्या जत्रेच्या तारखेसमोर.